गाठ आमच्या डोक्यातली, चित्र कुणाच्या हातात?

वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात धडधाकट माणसाला अचानक फिट आली, की पहिला इलाज कोणता होतो? कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो. फिट पुन्हा आली की ‘बाहेरचे’ निघते आणि घरची माणसे अंगारे-धुपाऱ्यांच्या मागे लागतात. 1956 च्या धम्मक्रांतीने आमच्या वस्त्यांतून भगत आणि मांत्रिक बराचसा हद्दपार केला. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही झाला. पण मांत्रिक गेला म्हणजे अंधार गेला असे होत नाही. आज त्याच माणसाला अमरावतीला किंवा अकोल्याला नेतात, एमआरआय होतो आणि नातेवाईकांच्या हातात एक भले मोठे पाकीट पडते. आत काळ्या फिल्म आणि इंग्रजीतला रिपोर्ट. ‘डोक्यात गाठ आहे, नागपूरला न्या,’ एवढेच तोंडी सांगितले जाते. गाठ केवढी, कुठे, तिच्या शेजारी काय आहे, काढली तर काय वाचेल आणि काय जाईल, हे कुणी समजावत नाही. मांत्रिकाचा मंत्र समजत नव्हता, रिपोर्टची इंग्रजीही समजत नाही. दोन्हीकडे आमचा माणूस हात जोडूनच उभा!

या अवस्थेवर इलाज करू शकेल असे एक साधन विज्ञानाने तयार केले आहे. एमआरआय किंवा सिटीस्कॅनच्या चित्रांपासून मेंदूतल्या गाठीचे त्रिमितीय चित्र संगणकावर उभे करता येते. कवटी, मेंदूच्या वळ्या, रक्तवाहिन्या आणि त्यांच्या मधोमध बसलेली गाठ असे सगळे प्रत्यक्ष हातात घेऊन फिरवल्यासारखे दिसते. न शिकलेल्या मायमाऊलीलाही ते बघून गाठ कुठे आहे ते समजेल. हे साधन मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांपुरते का राहावे, आणि आमच्या डोक्याच्या चित्रावर हक्क कुणाचा, हा या लेखाचा विषय आहे.

आधी हे चित्र तयार कसे होते ते पाहू. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात एका महिलेच्या डोक्याचा जगातला पहिला सिटीस्कॅन झाला. तिच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. यंत्र तयार करणारे गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड डॉक्टर नव्हते. शेतकऱ्याचा मुलगा, ग्रामोफोनच्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. त्यांना 1979 साली अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. एमआरआयच्या संशोधनासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 साली नोबेल मिळाले. या यंत्रांमुळे कवटी न उघडता मेंदू दिसू लागला.

पण तो चकत्यांच्या रूपाने दिसतो. काकडीच्या चकत्या कराव्यात आणि प्रत्येक चकतीचा वेगळा फोटो काढावा, तशी ही चित्रे असतात. फिल्मवर जी चौकोनी चित्रे ओळीने दिसतात, त्यातले प्रत्येक चित्र म्हणजे मेंदूची एक चकती. अनुभवी डॉक्टर या चकत्या मनातल्या मनात एकावर एक रचून पूर्ण गाठीची कल्पना करतो. ते सामान्य माणसाला जमत नाही. उदान ग्रंथात तथागतांनी श्रावस्तीच्या आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट सांगितली आहे. ज्याने सोंड चाचपली त्याला हत्ती वेगळा वाटला, ज्याने पाय चाचपला त्याला वेगळा. एकेक चकती बघणाऱ्याचे तसेच होते. अख्खा हत्ती दिसण्यासाठी सगळे तुकडे जोडावे लागतात.

ते जोडण्याचे काम संगणक करतो. प्रत्येक चकतीला जाडी असते, त्यामुळे तिच्यातला प्रत्येक ठिपका हा खरे तर एक बारीक ठोकळा असतो. चकत्या पातळ, म्हणजे साधारण एक मिलिमीटरच्या घेतल्या, तर ठोकळे बारीक होतात आणि चित्र सुबक येते. नेहमीच्या तपासणीत पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या घेतल्या तर त्यातून उभे केलेले चित्र पायऱ्या-पायऱ्यांचे, ओबडधोबड निघते. मग गाठ कुठे संपते आणि निरोगी मेंदू कुठे सुरू होतो याची हद्द आखावी लागते. त्यासाठी एकाच मेंदूची वेगवेगळ्या पद्धतीने चित्रे घेतात. एकात सूज उठून दिसते, तर शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन घेतलेल्या दुसऱ्यात गाठीची कड उजळते. ही हद्द पूर्वी तज्ज्ञ हाताने आखत, आता संगणकही आखतो. 1987 साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी अशा ठोकळ्यांमधून गुळगुळीत पृष्ठभाग काढण्याची गणिती रीत मांडली. पुढे सिनेमातल्या तंत्रासारखी प्रकाश आणि सावली यांची आकडेमोड आली आणि चित्र थेट ऑपरेशनच्या टेबलावरचा फोटो वाटावा इतके खरे दिसू लागले.

सर्जनला याचा उपयोग काय? मेंदू म्हणजे पोटासारखी मोकळी जागा नाही. बोलण्याचा भाग, हातपाय हलवणारा भाग, नजरेचा भाग आणि त्यांना जोडणारे तंतू दाटीवाटीने बसलेले असतात. कोणत्या वाटेने गेले तर गाठ हाती येईल आणि वाचा जाणार नाही, हे कवटी उघडण्याआधी ठरवावे लागते. चित्र फिरवून ती वाट आधीच तपासता येते. आपल्या महाराष्ट्रात या कामाचे चांगले उदाहरण मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे आहे. कवटी उघडली की आतला द्रव निघतो, मेंदू थोडा खाली बसतो आणि आधी काढलेले चित्र जुने पडते. त्यामुळे तिथले न्यूरोसर्जन डॉ. अलीअसगर मोइयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन चालू असतानाच सोनोग्राफीने गाठीचे ताजे त्रिमितीय चित्र घेण्याच्या पद्धतीवर काम केले आणि शोधनिबंध प्रसिद्ध केले. ऑपरेशन थिएटरात एमआरआय यंत्र बसवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त आहे. गरीब देशाला परवडेल असे विज्ञान आपल्याच राज्यात होऊ शकते याचा हा पुरावा आहे.

मात्र चित्र खरे दिसते म्हणून ते पूर्ण सत्य असते, असा समज कुणी करून घेऊ नये. एमआरआयला रंग दिसत नाहीत, त्याला फक्त कमी-जास्त उजेड कळतो. गाठीचा लालसर रंग आणि मेंदूचा गुलाबी रंग हे दोन्ही संगणकाने भरलेले असतात. हद्दही कुणीतरी आखलेली असते. ग्लायोमा जातीच्या गाठीत तर रोगाच्या पेशी चित्रात दिसणाऱ्या कडेच्या पलीकडेही पसरलेल्या असतात. आणि आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोक्यात दिसणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. टीबीच्या गाठी मेंदूत होतात. फितीसारख्या जंताची अंडी पोटात गेल्यानेही मेंदूत बारीक गाठी होऊन फिट येतात. या दोन्ही चित्रात ट्यूमरसारख्या दिसू शकतात, पण त्या बऱ्याचदा औषधाने बऱ्या होतात. कॅन्सरच्या गाठीचा प्रकार तर तिचा तुकडा काढून तपासल्यावरच पक्का होतो. कालाम लोकांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आमच्या वाचकांना सांगायला नको. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, त्याच न्यायाने संगणकात सुंदर दिसते म्हणूनही मानू नका. प्रश्न विचारा.

आता प्रश्न विचारण्याच्या हक्काकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची एक कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला सात वर्षांपासून डोक्याचा विकार होता. वैद्यांपैकी काहींनी तो पाचव्या दिवशी मरेल असे सांगितले, काहींनी सातव्या. जीवकाने त्याला खाटेला बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटीचा सांधा उघडला आणि आतून दोन जंतू काढले. ते त्याने जमलेल्या लोकांना दाखवले. पाच दिवस म्हणणाऱ्यांनी हा मोठा पाहिला आणि सात दिवस म्हणणाऱ्यांनी हा लहान पाहिला, असे समजावूनही सांगितले. ही कथा अक्षरशः इतिहास मानावी असा आमचा आग्रह नाही. पण बौद्ध परंपरेने आदर्श वैद्य कसा कल्पिला, ते यातून दिसते. तो रोग दाखवतो, कारण सांगतो, आणि लोकांसमोर सांगतो. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे ‘या आणि बघा’ असे आमंत्रण देणारा. विद्या लपवून ठेवून तिच्या बळावर माणसाला झुकवायचे ही रीत दुसऱ्या परंपरेची आहे. तिचा अनुभव आमच्या पूर्वजांनी हजारो वर्षे घेतला आहे.

भारताचा कायदाही आज जीवकाच्या बाजूने उभा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी निकाल दिला. त्या महिलेने फक्त तपासणीला संमती दिली होती, आणि ती बेशुद्ध असताना आईची सही घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले. न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. उपचार कोणता, त्याचा फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे रुग्णाला पुरेसे समजावल्यानंतर दिलेली संमतीच खरी, हे तत्त्व या निकालाने पक्के केले. मग आम्ही विचारतो, इंग्रजी छापील फॉर्मवर धारणीच्या कोरकू बापाचा अंगठा घेतला तर ती संमती कोणत्या जातीची? मेंदूच्या ऑपरेशनआधी गाठीचे चित्र दाखवून, मराठीत किंवा त्याच्या बोलीत समजावून घेतलेली सही ही कायद्याला अभिप्रेत असलेली संमती होय.

चित्र ताब्यात मिळण्याचेही तसेच. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 साली रघुनाथ रहेजा प्रकरणात स्पष्ट केले, की रुग्णाची कागदपत्रे त्याला किंवा त्याच्या नातेवाईकांना द्यायला रुग्णालय गुप्ततेच्या नावाखाली नकार देऊ शकत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. ती परिषद जाऊन 2020 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, तरी हे विनियम लागू आहेत. आता ‘कागदपत्रे’ म्हणजे काय? फिल्म ही मूळ चित्राची छापील प्रत आहे. खरे चित्र यंत्राच्या संगणकात ‘डायकॉम’ नावाच्या फाईलमध्ये असते. त्रिमितीय चित्र त्याच फाईलपासून तयार होते, काळ्या फिल्मपासून तसे चित्र उभे राहत नाही. म्हणून ही फाईल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मिळणे हा रुग्णाच्या अभिलेखाचाच भाग आहे, असे वकील म्हणून आमचे स्पष्ट मत आहे. ती फाईल हाती असली तर नागपूरला किंवा मुंबईला गेल्यावर तीच तपासणी पुन्हा करण्याचा खर्चही बऱ्याचदा वाचतो.

पण हक्क कागदावर असून भागत नाही, यंत्रापर्यंत पोहोचावेही लागते. पश्चिम बंगालमधले हकीम शेख हे शेतमजूर संघटनेचे सदस्य 8 जुलै 1992 रोजी रेल्वेतून पडले. डोक्याला जबर मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले. त्यांचा सिटीस्कॅन खाजगीत 1310 रुपये देऊन करावा लागला आणि उपचारही शेवटी खाजगी रुग्णालयात झाले. त्या खर्चाचा आकडा सतरा हजारांच्या घरात गेला. 6 मे 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण सांगून राज्याला हात झटकता येणार नाहीत. 25 हजार रुपये भरपाई दिली गेली. बाबासाहेबांच्या संविधानाने एका शेतमजुराच्या फुटलेल्या डोक्याची किंमत राज्याला मोजायला लावली, ती अशी.

या कसोटीवर वऱ्हाडाकडे बघा. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2002 साली आले. अमरावती हे महसुली विभागाचे मुख्यालय, पण इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला 2024 साल उजाडावे लागले. तोवर वैद्यकीय शिक्षण होते ते 1984 पासून डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने चालणाऱ्या खाजगी संस्थेत. इर्विन, सुपर, सर्वोपचार ही नावे आमच्या लोकांच्या तोंडी आहेत, पण मेंदूची गाठ म्हटली की गाडी नागपूरच्या ‘मेडिकल’कडे नाहीतर थेट मुंबईकडे वळते. मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीच दीडशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईत टाटाच्या दारात पोहोचलेल्या गरिबाला आधार कुणाचा? आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेचा! बाबांनी केले ते बाबांनी केले. सरकारने काय केले?

काही केले, हे नाकारण्याचे कारण नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले आणि 2023 च्या निर्णयाने दीड लाखाची मर्यादा पाच लाख झाली. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत करण्यात आले. पण योजनेत मंजुरी मिळायला आधी तपासणीचे रिपोर्ट लागतात, आणि तिथेच गरीब अडतो. सरकारी यंत्राची तारीख लांबची मिळाली की तो खाजगी सेंटरची पायरी चढतो, कुणी बैल विकतो, कुणी गळ्यातले गहाण टाकतो. नोव्हेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली आणि अंबादेवीचे दार उघडा ही मागणी झाली. ते दार माणूस म्हणून बरोबरीसाठी हवे होते. आज बरोबरीचे दार एमआरआयच्या खोलीला आहे. तिथे जात विचारत नाहीत, खिसा विचारतात. पण खिसा कुणाचा रिकामा आहे हे वेगळे सांगायला हवे काय?

आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधतो. गाठीची हद्द आखणारा संगणक हजारो रुग्णांच्या चित्रांवर शिकवला जातो. या विषयातली ‘ब्रॅट्स’ ही जागतिक स्पर्धा 2012 पासून चालते. तिच्यातली चित्रे मुख्यतः श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांची होती. आफ्रिकेतल्या रुग्णांच्या चित्रांचा वेगळा विभाग 2023 साली झाला. ज्यांची डोकी मोजलीच नाहीत, त्यांच्या डोक्यातली गाठ संगणक नीट ओळखेल काय, हा प्रश्न आपल्याही मुलखाला लागू आहे. म्हणून आमची चित्रे संशोधनात असली पाहिजेत, पण आम्हाला विचारून. 2019 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 84 स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि चेहरे ओळखणाऱ्या संगणकाने त्यातले 70 बरोबर ओळखले. म्हणजे नाव पुसले तरी माणूस लपत नाही. गरिबाच्या डोक्याची फाईल ही कुणी फुकट उचलून न्यावी अशी बेवारस वस्तू नाही.

तेव्हा मागणी काय करायची? पहिली, सरकारी पैशाने किंवा सरकारी योजनेत झालेल्या प्रत्येक सिटीस्कॅन आणि एमआरआयची डिजिटल फाईल रुग्णाला न मागता मिळाली पाहिजे. दुसरी, मेंदूत गाठीचा संशय असेल तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने पातळ चकत्यांची तपासणी व्हावी. तिसरी, अमरावती आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्रिमितीय चित्र तयार करणारा एक कक्ष आणि प्रशिक्षित माणूस असावा. ‘थ्रीडी स्लायसर’ नावाचे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी जगाला फुकट दिले आहे. ते संशोधनासाठी आहे, त्याच्यावरून उपचार ठरवायचे नाहीत, हे खरे. पण शिकायला, शिकवायला आणि रुग्णाला समजावायला एक बरा संगणक पुरतो. कोट्यवधींच्या निविदेची वाट बघण्याचे कारण नाही. चौथी, मेंदूच्या ऑपरेशनची संमती चित्र दाखवून आणि रुग्णाच्या भाषेत समजावूनच घ्यावी.

कार्यकर्त्यांनीही एक काम अंगावर घ्यावे. आपल्या वस्तीतल्या रुग्णासोबत दवाखान्यात जाताना रुपये आणि डबा नेतो, तसा एक साधा अर्ज न्यावा: ‘आमच्या तपासणीची डिजिटल फाईल आणि रिपोर्टची प्रत द्यावी.’ त्याची पोच घ्यावी. 72 तासांत मिळाले नाही तर सरकारी दवाखान्यात माहिती अधिकार आहे, खाजगीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणलेलीच आहे. डॉक्टरांशी भांडण मांडू नये, त्यांच्यातही जीवकाच्या वाटेने जाणारे पुष्कळ आहेत. फक्त शांतपणे विचारावे: साहेब, गाठ कुठे आहे ते दाखवा, ती टीबीची असू शकते काय ते सांगा, काढल्यावर काय जाईल ते सांगा.

आमच्या मुलांमधून इंजिनिअर झालेले, संगणक शिकलेले शेकडो तरुण आज वऱ्हाडात आहेत. बुद्धविहारातल्या रविवारच्या वर्गात परित्राणपाठानंतर एक तास त्यांनी हे चित्र कसे वाचायचे ते शिकवले, तर कोणत्या मांत्रिकाची आणि कोणत्या दलालाची हिंमत आहे आमच्या माणसाला फसवायची? ‘शिका’ या आदेशात स्वतःच्या शरीराची माहितीही येते. जय भीम.